समुद्रात खिंड नसते

‘खिंड लढवणे’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे घोडखिंड उभी राहते. तो प्रसंग सांगताना आपण पराक्रमावर भर देतो आणि तो द्यायलाच हवा. पण त्या प्रसंगात दोन साध्या गोष्टी आहेत, त्यांच्याकडे लक्ष कमी जाते. पहिली म्हणजे जागा. वाट इतकी चिंचोळी, की शत्रू कितीही मोठा असला तरी एका वेळी मोजकीच माणसे अंगावर येऊ शकतात. दुसरी म्हणजे मुदत. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत थोपवायचे, एवढेच काम. शत्रूला हरवायचे नसते, त्याचा वेळ खायचा असतो. मूठभरांनी हजारोंना अडवल्याच्या ज्या कथा जगभर सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच अशाच एखाद्या अरुंद जागी घडल्या आहेत. समुद्रावर मात्र ही सोय नाही. तिथे कडा नाही, वळण नाही, पाठीशी गड नाही. ज्याची तोफ लांब मारा करते आणि ज्याचे जहाज वेगाने धावते, त्याने अंतर ठरवायचे आणि दुसऱ्याने मार खायचा, हा उघड्या पाण्याचा हिशेब आहे. २५ ऑक्टोबर १९४४ च्या सकाळी फिलिपिन्समधल्या सामार बेटाच्या पूर्वेला १३ लहान अमेरिकी जहाजांनी हा हिशेब सव्वादोन तास चुकवला. माझे म्हणणे असे, की त्यांनी नसलेली खिंड पाण्यावर तयार केली: धुराची, पावसाच्या सरीची, टॉर्पेडोंच्या रेषांची, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे शत्रूच्या सेनापतीच्या डोक्यात बसलेल्या चुकीच्या चित्राची. त्यांच्या धैर्याला मरणाची ओढ म्हणणे हा त्या माणसांवर अन्याय आहे. ते मरायला निघाले नव्हते. कामाला निघाले होते, आणि ते काम जीव घेणारे होते.

ही वेळ त्यांच्यावर आली ती वरिष्ठांच्या गफलतीमुळे. २० ऑक्टोबरला जनरल मॅकआर्थरच्या सैन्याने लेयटे बेटावर पाय ठेवला. फिलिपिन्स गेले तर दक्षिणेकडचे तेल आणि मायदेश यांच्यामधली वाट तुटणार, हे जपानी नौदल जाणून होते. म्हणून उरलेसुरले सगळे आरमार एका डावावर लावले गेले. उत्तरेकडून ॲडमिरल ओझावा विमानवाहू नौका घेऊन येणार होता, पण त्या नौकांवर विमाने फारशी नव्हतीच. त्यांनी आमिष व्हायचे होते. अमेरिकेचे मुख्य आरमार घेऊन ॲडमिरल हॉल्सी त्या आमिषामागे गेला, की ॲडमिरल कुरिता ताकेओने सान बर्नार्डिनो सामुद्रधुनीतून, आणि आणखी एका तुकडीने दक्षिणेच्या सुरिगाव सामुद्रधुनीतून लेयटेच्या आखातात शिरायचे. कुरिताला वाटेतच तडाखे बसले. २३ तारखेला पलावानजवळ पाणबुड्यांनी त्याचे ध्वजजहाज ‘आतागो’ बुडवले आणि स्वतः सेनापतीला पाण्यातून बाहेर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी सिबुयान समुद्रात ‘मुसाशी’ ही प्रचंड युद्धनौका हॉल्सीच्या विमानांनी बुडवली. कुरिताने तोंड फिरवले, तेव्हा तो संपला असे धरून हॉल्सी सगळे बळ घेऊन ओझावामागे उत्तरेला गेला. कुरिता संध्याकाळी पुन्हा वळला आणि मध्यरात्रीनंतर सान बर्नार्डिनोतून बाहेर पडला. तिथे पहाऱ्याला एकही अमेरिकी जहाज नव्हते. लेयटेची जबाबदारी असलेला ॲडमिरल किंकेड समजत होता, की हॉल्सीने तिथे युद्धनौका ठेवल्या आहेत. दोष कुणाचा किती यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे एवढेच पुरे, की ज्या १३ जहाजांना तो फेडावा लागला त्यांचा त्यात काहीही हात नव्हता.

कुरिताच्या हाताशी त्या सकाळी ४ युद्धनौका, ६ जड क्रूझर, २ हलक्या क्रूझर आणि ११ विनाशिका होत्या. त्यात ‘यामातो’ होती. तिच्या ९ तोफांचा व्यास ४६ सेंटिमीटर, एकेका गोळ्याचे वजन सुमारे दीड टन. तीन तोफांच्या एका मनोऱ्याचे वजन सुमारे २५०० टन भरे. समोरच्या ‘जॉन्स्टन’ या अख्ख्या विनाशिकेचे वजन साधारण २०५० टन होते. रिअर ॲडमिरल क्लिफ्टन स्प्रेगच्या गटाला बिनतारी संदेशांत ‘टॅफी ३’ म्हणत. त्यात ६ छोट्या विमानवाहू नौका, ३ विनाशिका आणि विनाशिकांहूनही लहान अशा ४ संरक्षक नौका होत्या. या विमानवाहू नौका व्यापारी जहाजांच्या धर्तीवर, कैझर कंपनीच्या गोदीत भराभर बांधलेल्या. चिलखत नाही, वेग ताशी जेमतेम १८-१९ सागरी मैल, आणि स्वतःची म्हणावी अशी ५ इंची तोफ एकच, तीही मागच्या टोकाला. त्यांच्यावरची विमाने पाणबुड्या शोधण्यासाठी आणि किनाऱ्यावरच्या फौजेला मदत करण्यासाठी सज्ज केलेली. युद्धनौकेचे पोलाद फोडील असे फारसे काही त्यांच्याजवळ नव्हते. जपानी क्रूझरांचा वेग यांच्या पावणेदोन पट. साधे गणित मांडले तर तासाभरात सगळे संपायला हवे होते.

पावणेसातच्या सुमारास गस्तीवरच्या एका वैमानिकाला ढगांच्या फटीतून पॅगोडासारखे उंच मनोरे दिसले आणि सातला दोन-एक मिनिटे असताना पहिले गोळे पडू लागले. कोणत्या जहाजाचा गोळा कुठे पडला हे ओळखता यावे म्हणून जपानी गोळ्यांत रंग भरलेले असत. त्यामुळे गुलाबी, हिरवे, पिवळे पाण्याचे खांब विमानवाहू नौकांभोवती उभे राहू लागले. स्प्रेगने पहिल्या दहा मिनिटांत जे केले ते मला या लढाईतले सर्वांत थंड डोक्याचे काम वाटते. तो पूर्वेकडे, वाऱ्याच्या तोंडावर वळला, कारण विमाने उडवायची तर वारा समोरून हवा. त्याने सगळ्या जहाजांना धूर सोडायला लावले: धुराड्यांतून काळा, रासायनिक पिंपांतून पांढरा. आणि समोर पावसाची सर दिसली तिच्यात तो शिरला. हा धूर दोन्ही बाजूंना सारखा आंधळा करणारा नव्हता. जपानी तोफांचा नेम मुख्यतः दुर्बिणींवर, म्हणजे माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून होता. अमेरिकी विनाशिकांच्या तोफा रडारला जोडलेल्या होत्या. पडद्याच्या एका बाजूने दिसत होते, दुसऱ्या बाजूने नाही. खिंड म्हणजे शत्रूची संख्या निरुपयोगी करणारी जागा, हे मान्य केले तर हा पडदा म्हणजे तिचा पहिला कडा होता. दुसरा कडा वाऱ्याने दिला. कुरिताला विमानवाहू नौकांना वाऱ्याची बाजू मिळू द्यायची नव्हती, म्हणून तो आतून आडवा न येता बाहेरच्या बाजूने धावला. स्प्रेग पावसाआड हळूहळू दक्षिणेला आणि मग नैर्ऋत्येला वळत गेला. लहान वर्तुळावर तो, मोठ्या वर्तुळावर कुरिता. वेगातली तफावत तिथे थोडी झिजली. शिवाय कुरिताने जहाजांची शिस्तबद्ध रांग न लावता सरसकट हल्ल्याचा हुकूम दिला होता, त्यामुळे ज्याला जसे जमेल तसा जो तो पुढे धावत होता.

पण धूर आणि पाऊस विरतात. पडदा संपला की पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर कमांडर अर्नेस्ट एव्हान्सने हुकमाची वाट न पाहता दिले. ओक्लाहोमात जन्मलेल्या, चेरोकी आणि क्रीक या आदिवासी वंशांचे रक्त असलेल्या या अधिकाऱ्याने १९४२ साली जावाच्या समुद्रातली माघार पाहिली होती. वर्षापूर्वी ‘जॉन्स्टन’ ताब्यात घेताना त्याने खलाशांना स्पष्ट सांगितले होते, की हे जहाज धोक्याच्या तोंडी जाणार. ज्याला नको असेल त्याने आत्ताच उतरावे. कुणी उतरले नव्हते. विनाशिकांनी टॉर्पेडो घेऊन चाल करावी असा स्प्रेगचा हुकूम ७ वाजून १६ मिनिटांनी सुटला, तेव्हा ‘जॉन्स्टन’ आधीच धुरातून बाहेर पडून एकटी जपानी क्रूझरांच्या दिशेने निघाली होती. वाटेत तिने २०० हून जास्त गोळे झाडले, सुमारे ९ किलोमीटरवर येऊन आपले दहाही टॉर्पेडो सोडले आणि वळून धुरात गेली. त्यातल्या एकाने ‘कुमानो’ या जड क्रूझरची नाळ उडवली. ‘कुमानो’वरच्या तुकडीप्रमुखाला उतरवून घ्यायला ‘सुझुया’ थांबली. तीही विमानांच्या बॉम्बने आधीच रेंगाळलेली होती. सहा जड क्रूझरांपैकी दोन पाठलागातून बाद झाल्या. त्यानंतर ‘जॉन्स्टन’वर मोठे गोळे बसले, तिचा वेग निम्म्यावर आला, यंत्राने फिरणारे सुकाणू गेले, एव्हान्सच्या डाव्या हाताची दोन बोटे तुटली. ज्याला वीरमरणच हवे होते त्याच्यासाठी कथा इथेच पुरी होत होती. एव्हान्स मात्र सरीच्या आडोशाला जाऊन दुरुस्ती करू लागला, आणि बाकीच्या विनाशिका टॉर्पेडो घेऊन निघालेल्या दिसताच, स्वतःजवळ एकही टॉर्पेडो उरलेला नसताना, तोफांनी त्यांची पाठराखण करायला मागोमाग गेला. पुढे तो जहाजाच्या मागच्या टोकाला उभा राहून खालच्या झडपेतून ओरडून हुकूम देत होता आणि खाली खलाशी हातांनी सुकाणू फिरवत होते.

‘होएल’ आणि ‘हर्मन’ या दोन विनाशिकांच्या हल्ल्याने जे साधले ते बुडालेल्या जहाजांच्या यादीत दिसत नाही, म्हणून ते नीट पाहिले पाहिजे. आठच्या सुमारास त्यांनी सोडलेले टॉर्पेडो ‘यामातो’च्या दोन्ही बाजूंनी समांतर धावू लागले. त्यांना चुकवण्यासाठी ती उत्तरेकडे वळली होती आणि आता दोन्हीकडे टॉर्पेडो असल्यामुळे तिला पुन्हा दक्षिणेला वळता येईना; त्यांचे इंधन संपेपर्यंत, सुमारे दहा मिनिटे, जगातली सर्वांत बलाढ्य युद्धनौका लढाईकडे पाठ करून धावत राहिली. ‘नागातो’ ही युद्धनौकाही तिच्याबरोबर गेली. एकही टॉर्पेडो लागला नाही. नुकसानीच्या हिशेबात हा हल्ला शून्य. पण ‘यामातो’वर कुरिता होता. त्या दहा मिनिटांत लढाई त्याच्या नजरेआड गेली आणि नंतर पुन्हा कधीच पुरती नजरेत आली नाही. विखुरलेली जहाजे, धूर, पाऊस आणि मागे पडलेला सेनापती: पुढे काय चालले आहे हे त्याला आता दुसऱ्यांच्या त्रोटक संदेशांवरून कळणार होते. या दहा मिनिटांची किंमत ‘होएल’ने मोजली. चाळीसहून जास्त गोळे खाऊन, एक तोफ चालू असेपर्यंत मारा करत, ती नवाच्या सुमारास बुडाली. तिच्यावरच्या २५० हून जास्त माणसांचा अंत झाला.

‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ या संरक्षक नौकेचा कप्तान रॉबर्ट कोपलंड पेशाने वकील, राखीव नौदलातून आलेला. संरक्षक नौकांनी दुसऱ्या फळीत यावे असे ठरत असताना तो मोठ्या विनाशिकांच्या मागोमाग पहिल्याच फळीत निघाला. त्याने ध्वनिक्षेपकावरून खलाशांना सांगितलेले प्रसिद्ध आहे: ही लढाई इतकी विषम आहे की जगण्याची आशा धरता येणार नाही, पण तोवर करता येईल तेवढे नुकसान आपण करू. या वाक्याचा पहिला भाग सगळे आठवतात. मला दुसरा महत्त्वाचा वाटतो, कारण त्या जहाजावरचे पुढचे दोन तास त्या दुसऱ्या भागाचे आहेत. २४ सागरी मैलांसाठी बांधलेल्या यंत्रातून बॉयलरचा दाब मर्यादेपलीकडे नेऊन तळातल्या माणसांनी २८ च्या वर वेग काढला. कोपलंड एका जड क्रूझरच्या साडेतीन किलोमीटर जवळ गेला. इतक्या जवळ, की त्या क्रूझरच्या मोठ्या तोफांना नळ्या तेवढ्या खाली झुकवणे जड जाऊ लागले. ५ इंची ६५० गोळ्यांपैकी ६०८ गोळे संपले. मागच्या तोफेवर पॉल कार हा गनर होता. वीज आणि हवेचा दाब गेल्यावर तोफेची नळी साफ करणारी यंत्रणा बंद पडली, म्हणजे प्रत्येक नवा बार भरताना आतच फुटण्याचा धोका. हे ठाऊक असून त्याच्या माणसांनी हातांनी भरून बार काढणे चालू ठेवले. ३२४ गोळे गेले. त्यानंतरचा बार आत फुटला. मदतीला आलेल्यांना कार सापडला तो प्राणांतिक जखमी अवस्थेत, शेवटचा गोळा दोन्ही हातांत धरून, तो तोफेत भरायला मदत करा असे विनवत.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जपानी जहाजे बुडवली कुणी? ‘चोकाई’, ‘चिकुमा’ आणि ‘सुझुया’ या तीन जड क्रूझर त्या दिवशी गेल्या, त्या मुख्यतः विमानांमुळे. शेजारच्या ‘टॅफी २’ गटाच्या विमानांचा त्यात मोठा वाटा होता. मग विनाशिकांचे कौतुक हे भावनेच्या भरात केलेले कौतुक तर नाही? विमानांचे श्रेय निर्विवाद आहे, आणि त्या वैमानिकांची गोष्ट विनाशिकांइतकीच मोलाची आहे. बॉम्ब आणि गोळ्या संपल्यावरही ते रिकाम्या हातांनी पुन्हा पुन्हा जपानी जहाजांवर झेपावत राहिले, कारण खालच्या कप्तानाला विमानाच्या पोटात टॉर्पेडो आहे की नाही हे दिसत नाही. त्याला वळावेच लागते. पण विमानांना लागते ती वेळ. उडायला, जमायला, दुसऱ्या नौकेवर किंवा ताक्लोबानच्या चिखलातल्या धावपट्टीवर उतरून पुन्हा भरायला. ताशी १८ मैलांनी पळणाऱ्या नौकांना ही वेळ कुणीतरी मिळवून द्यावी लागणार होती. ‘गॅम्बियर बे’ला ती मिळाली नाही, जपानी क्रूझर तिला भिडल्या आणि नवानंतर ती उलटली. त्या महायुद्धात जहाजांच्या तोफांनी बुडवलेली ती एकमेव अमेरिकी विमानवाहू नौका. सहापैकी एकीचे जे झाले ते बाकी पाचांचे का झाले नाही, याचे उत्तर विमाने आणि विनाशिका असे वेगळे करून देता येत नाही. साडेआठनंतर ‘याहागी’ ही हलकी क्रूझर आणि तिच्यामागच्या विनाशिका टॉर्पेडो घेऊन विमानवाहू नौकांकडे निघाल्या, तेव्हा आडवी आली ती लंगडणारी ‘जॉन्स्टन’. तिच्या माऱ्याखाली त्यांनी नीट जवळ न येता दुरूनच टॉर्पेडो सोडले. ते नौकांपर्यंत पोचेतो त्यांचा जोर ओसरला होता. मग साऱ्यांनी मिळून ‘जॉन्स्टन’ला घेरले. १० वाजून १० मिनिटांनी ती बुडाली. जवळून गेलेल्या जपानी विनाशिकेच्या अधिकाऱ्याने तिला सलाम केला, असे वाचलेल्या खलाशांनी सांगून ठेवले आहे. एव्हान्स परत आला नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल जातो. ९ वाजून ११ मिनिटांनी कुरिताने लढाई थांबवून उत्तरेकडे गोळा व्हा असा हुकूम दिला. त्या क्षणी ‘तोने’ आणि ‘हागुरो’ या जड क्रूझर विमानवाहू नौकांपासून सुमारे ९ किलोमीटरवर होत्या. आणखी अर्धा तास, आणि ‘टॅफी ३’ संपली असती. स्प्रेगचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तोवर आपण पाण्यात पोहत असू असे त्याने गृहीत धरले होते. मग हे वाचणे म्हणजे शत्रूची घोडचूकच ना? तीन दिवस डोळ्याला डोळा न लागलेला, पाण्यातून काढलेला, इंधनाच्या काळजीने ग्रासलेला सेनापती गोंधळला, यात छोट्या जहाजांचे श्रेय काय? युद्धानंतर कुरिताने स्वतः वेगवेगळी कारणे सांगितली आणि त्यातले कोणते निर्णायक होते यावर एकमत नाही. कुरिता थकला होता, हे खरेच. पण थकलेला माणूससुद्धा हवेतून चूक करत नाही. समोर जे दिसते त्यावरून करतो. त्याला दिसले काय? विमानवाहू नौका, आणि त्यांच्याभोवती टॉर्पेडो घेऊन चालून येणारी जहाजे. त्याच्या लोकांनी त्या नौका हॉल्सीच्या मोठ्या, वेगवान नौका समजल्या आणि विनाशिकांना क्रूझर समजले. हा भ्रम टिकला कारण ती जहाजे क्रूझरांसारखी वागली. लहान जहाज मोठ्यापासून पळते, ही अपेक्षा त्यांनी मोडली. म्हणून ती लहान नसावीत, असा निष्कर्ष निघाला. पाठलाग करूनही अंतर पुरेसे तुटत नाही, म्हणजे शत्रू ताशी ३० मैलांनी पळतो आहे, असे वाटू लागले. प्रत्यक्षात आपलीच जहाजे टॉर्पेडो चुकवत नागमोडी धावत होती. एकामागून एक जड क्रूझर गमावल्याचे संदेश येत होते. पुढे ‘तोने’ला जे दिसत होते ते मागे पडलेल्या ‘यामातो’वरून दिसत नव्हते. कुरिताची चूक त्याचीच होती, पण ती ज्या मालमसाल्यातून तयार झाली तो ‘होएल’, ‘जॉन्स्टन’, ‘हर्मन’, ‘रॉबर्ट्स’ आणि रिकाम्या हातांनी झेपावणाऱ्या वैमानिकांनी पुरवला होता. शत्रूच्या मनातली खिंड म्हणतो ती हीच.

तिसरा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही. कुरिता आखातात पोचला असता तरी काय झाले असते? सैन्य पाच दिवसांपूर्वी उतरले होते, बहुतेक मालवाहू जहाजे रिकामी होऊन परतली होती, आणि सुरिगावच्या रात्रीच्या लढाईत जिंकलेल्या अमेरिकी युद्धनौका काही तासांच्या अंतरावर होत्या. चिलखत भेदणारे गोळे त्यांच्याजवळ मोजकेच उरले होते, तरी त्या होत्या. फिलिपिन्सच्या युद्धाचा निकाल त्या सकाळी बदलला असता, असे मी म्हणणार नाही. किनाऱ्यावर साठलेला दारूगोळा आणि धान्य, आखातात उरलेली जहाजे, त्यांवरची माणसे यांचे हाल झाले असते एवढे नक्की. पण या आक्षेपात एक वाकडेपणा आहे. आपण ८० वर्षांनंतर, सगळे नकाशे समोर पसरून हिशेब करतो आहोत. एव्हान्सला सात वाजता दिसत होते ते एवढेच: माझ्यामागे सहा नौका आहेत, त्यांच्यावर हजारो माणसे आहेत, आणि त्यांचे रक्षण करण्यासाठीच मला इथे ठेवले आहे. ते रक्षण जमले. ज्या पाच विमानवाहू नौका तोफांच्या माऱ्यातून निसटल्या त्या या मोजमापाने पुरेशा आहेत.

आणि शौर्य एकाच बाजूला होते का? मुळीच नाही. ‘चिकुमा’च्या माणसांना उचलून घ्यायला मागे थांबलेली विनाशिका ‘नोवाकी’ दुसऱ्या दिवशी सर्वांसह बुडाली. ‘चोकाई’च्या माणसांना घेतलेली विनाशिका ‘फुजिनामी’ २७ तारखेला तशीच गेली. आपल्या सोबत्यांसाठी मागे राहणाऱ्या या खलाशांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. फरक आहे तो त्यांना वापरणाऱ्या विचारात. जपानी योजनेत ओझावाचा ताफा जाळून टाकण्यासाठीच मांडला होता, आणि सामारच्या लढाईनंतर दीड तासाने त्याच विचाराचे टोक दिसले. १० वाजून ५१ मिनिटांनी लेफ्टनंट सेकी युकिओच्या तुकडीतले एक विमान ‘टॅफी ३’मधल्या ‘सेंट लो’ या विमानवाहू नौकेच्या धावपट्टीवर आदळले. तोफांतून वाचलेली ती नौका अर्ध्या तासात बुडाली. ठरवून आखलेल्या कामिकाझे हल्ल्याचा तो पहिला मोठा बळी. एकाच सकाळी, एकाच पाण्यावर दोन तऱ्हेची मरणे समोरासमोर आली. सेकीच्या कामात मरण हे हत्यार होते. तो जगला असता तर काम झालेच नसते. कोपलंडच्या कामात मरण ही जवळपास खात्रीची किंमत होती, पण जहाज सोडण्याची वेळ आली तेव्हा त्याने ते सोडण्याचा हुकूम दिला आणि जखमींना तराफ्यांवर चढवले. या दोहोंना एकाच शब्दाने ‘बलिदान’ म्हणण्याची आपल्याला सवय आहे. ती सोडल्याशिवाय सामार समजत नाही.

मुदत संपल्यावर गडावरून तोफा वाजायला हव्या होत्या. त्या वाजल्या नाहीत. हॉल्सीच्या युद्धनौका उशिरा वळल्या आणि उशिराच पोचल्या. तोफांच्या लढाईत बुडालेल्या चार जहाजांची हजाराहून जास्त माणसे पाण्यात होती, आणि शोधासाठी कळवलेली जागा चुकीची निघाल्यामुळे त्यांच्यापर्यंत कुणी पोचले नाही. तेलाने माखलेली, भाजलेली, शार्कांच्या भीतीत, गोड्या पाण्याशिवाय, दोन रात्री ती तराफ्यांना धरून होती. कित्येक जण लढाईत वाचले आणि त्या पाण्यात गेले; ‘जॉन्स्टन’च्या ३२७ पैकी १४१ परत आले. २७ तारखेच्या सकाळी किनारी गलबतांनी त्यांना वर घेतले. जहाजे मात्र सहा किलोमीटरांहून खोल गेली होती. ‘जॉन्स्टन’पर्यंत माणूस २०२१ साली पोचला, तेव्हा नाळेवरचा ५५७ हा आकडा अजून वाचता येत होता. ‘रॉबर्ट्स’ २०२२ च्या जूनमध्ये ६८९५ मीटरवर सापडली. तिची ओळख पटवायला उपयोगी पडली ती तीन नळ्यांची टॉर्पेडो सोडणारी चौकट. तिन्ही नळ्या त्या सकाळी आठच्या सुमारास रिकाम्या झाल्या होत्या.